वास तेवढा पाहिजे

माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत ते बदलावं असं कुणी काही केलं नाही. मी औषध निरीक्षक होतो. नागपूर विभागातल्या निम्म्या औषधविक्रेत्यांना माझी गाडी कोपऱ्यावर दिसली की घाम फुटायचा. बाटलीवरचं लेबल कुणी वाचत नाही, खोक्यातला कागद कुणी उघडत नाही, आणि पकडलं की 'किन्हेकर साहेब, चुकून झालं' म्हणत हात जोडतात. चुकून काही होत नसतं. लोक आळशी असतात आणि मठ्ठ असतात, एवढंच.

कुत्र्यांचं तसं नसतं, असं माझं म्हणणं होतं. म्हणून बायको मुलीकडे कोइमतूरला गेली आणि परत आली नाही, तेव्हा मी कुत्रा आणला. काळा लॅब्राडॉर, नाव बॅरिस्टर. सहा वर्षं तो माझ्या घरात वाढला. या जगात एकच जीव माझा म्हणावा असा आहे, हे मी भेटेल त्याला सांगत असे, आणि त्यातला टोमणा समोरच्याला लागेल याची काळजीही घेत असे.

यंदा एप्रिलमध्ये त्याच्या मागच्या पायाला, गुडघ्याखाली, गाठ आली. डॉक्टर शेंद्रे नावाच्या गृहस्थाने ती काढली. हा माणूस बोलताना समोरच्याच्या कानाच्या पाळीकडे बघतो, त्यामुळे तो खोटं बोलतोय असं सतत वाटत राहतं. पण या वेळी तो खरं बोलत होता.

"गाठ पूर्ण निघाली," तो म्हणाला. "पण तिथे कातडी कमी असते, ओढूनताणून टाके घातलेत. चाटून तोडले तर पुन्हा जोडायला काही उरणार नाही. मग पाय काढावा लागेल. चौदा दिवस गळ्यात कोन ठेवा. आणि सोबत स्टेरॉइड आहे."

स्टेरॉइडबद्दल त्याने मला काही सांगू नये, असं मी त्याला बजावलं. या गोळ्यांनी कुत्र्याला राक्षसी भूक लागते, तहान लागते, तासातासाला लघवीला होतं. धाप लागते आणि एका जागी बसवत नाही. आणि गोळी एकदम बंदही करता येत नाही, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर सोडून दिलेलं असतं. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असण्याचा काडीचाही उपयोग नसतो, हे पहिल्याच दिवशी कळलं.

प्लास्टिकचा कोन घालून बॅरिस्टर घरी आला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. मग टेबलावर, मग भिंतीवर. पाण्याच्या भांड्यात कोन अडकून भांडं उपडं झालं. हॉलमध्ये तीनदा घाण झाली. गोळी तो थुंकून टाकायचा, पनीरमध्ये लपवली तर पनीर तेवढं खायचा. दुपारी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि धापा टाकत राहिला. मी खुर्चीतून त्याला 'बस' म्हणून हुकूम सोडला. त्याने ऐकलं नाही.

घरात मदतीला कुणी नव्हतं, कारण ऑपरेशनच्या आठच दिवस आधी मी दुर्पताबाईला काढून टाकलं होतं. ती पाच वर्षं धुणंभांडी, इस्त्री आणि फरशी करत होती. उन्हाळ्यात अकरा ते पाच रस्त्यावर यायला सरकारी बंदी झाल्यापासून ती दुपारभर माझ्याच घरी अडकलेली असे. मी तेव्हा एसी लावून, दार बंद करून झोपतो. कुत्र्याला आत घेत नाही, केस पडतात. त्या दिवशी पाणी प्यायला बाहेर आलो तर ही बाई हॉलच्या फरशीवर पदर उशाला घेऊन झोपलेली, तिच्या पोटावर बॅरिस्टरचं डोकं, आणि शेजारी ताटलीत दोघांनी मिळून खाल्लेल्या भाकरीचा तुकडा. मला किळस आली.

"तुला कामाला ठेवलंय, लोळायला नाही," मी म्हणालो.

ती उठली, ताटली धुऊन पालथी घातली. जाताना एवढंच म्हणाली, "बारक्याले दुपारी एकट्यानं झोप येत नाही, सायेब."

बॅरिस्टरला बारक्या म्हणायचं नाही, हे मी तिला शंभरदा सांगितलं होतं. त्या वाक्याला उत्तर द्यावं अशी त्याची लायकी मला वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मी धुणारं, इस्त्री करणारं आणि घड्या घालणारं यंत्र मागवलं. ते लोळत नाही.

प्लास्टिकच्या कोनाचा दुसरा दिवस संपायच्या आत मी गंधवलय मागवलं, म्हणजे आतून वास सोडणारा कोन. घ्राणिका नावाची कंपनी ते बनवते. तिच्या माहितीपत्रकात कुत्र्याच्या मालकाला 'पालक' म्हटलं होतं आणि कुत्र्याला 'बाळ'. तरीही मी ते फेकून दिलं नाही, कारण त्यामागचं विज्ञान खणखणीत होतं.

कुत्रा घर बघत नाही, हुंगतो. कोन घातला की बाहेरची हवा नाकापर्यंत नीट पोचत नाही. त्याला स्वतःच्या श्वासाचा, औषधाचा आणि प्लास्टिकचा वास येत राहतो, म्हणजे त्याच्या लेखी घरच नाहीसं होतं. गंधवलयात ते घर परत आणून ठेवलेलं असतं. माणसाच्या कातडीतून शेकडो प्रकारचे रेणू सतत हवेत उडत असतात आणि त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं निराळं असतं. कुत्र्याच्या नाकात जी प्रथिनं हे रेणू पकडतात, ती प्रयोगशाळेत वाढवून कंपनीने एका चिपवर बसवली आहेत. तुम्ही एक कपडा पाठवायचा. चिप त्याच्यावरचा वास वाचते, नव्वद मूळ द्रव्यांतून तोच वास पुन्हा जुळवते आणि कंपनी त्याच्या कुप्या पाठवते. त्या कोनाच्या कडेत बसतात. कोनातल्या पट्ट्यावर कुत्र्याचा श्वास आणि नाडी मोजली जाते, आणि वासाच्या ज्या भागाने श्वास शांत होतो तोच भाग यंत्र हळूहळू वाढवत नेतं.

कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: दोन दिवस अंगात घातलेला, न धुतलेला कपडा पाठवा. ते वाचून मला हसू आलं. घराबाहेर जाणारा कपडा धुऊन, इस्त्री करून जातो, ही आमच्याकडची रीत आहे. शिंप्याकडे मापाला सदरा पाठवायचा तरी आई आधी तो स्वच्छ धुऊन घ्यायची. घामट गंजी परक्याच्या हातात द्यायला मी काय हमाल आहे? चिप जर इतकी हुशार असेल तर तिला धुतलेल्या सदऱ्यातूनही कळेल, असं म्हणून मी कपाटातला एक इस्त्रीचा पांढरा सदरा काढला आणि कंपनीने पाठवलेल्या खोक्यात घातला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उडतं खोकं बाल्कनीत कुप्या ठेवून गेलं. मी त्या कोनात बसवल्या. बॅरिस्टर थांबला. नाकपुड्या हलल्या, कान सैल पडले. दहा मिनिटांत तो कोनासकट आडवा झाला आणि घोरू लागला. संध्याकाळी त्याने पनीरमधली गोळी गिळली. पुढचे सात दिवस भूक, तहान, लघवी होतीच, पण धाप निम्म्यावर आली होती आणि टाक्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं.

मी कोइमतूरला फोन लावला आणि मुलीला, मागे तिच्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणालो, "माझ्या वासाने शांत होतो तो. प्राण्यांना माणूस बरोबर कळतो."

आठव्या दिवशी कुप्या संपल्या. नव्या कुप्यांसाठी ताजा कपडा पाठवायचा असतो. मी दुसरा सदरा पाठवला, यंत्राने धुतलेला, यंत्रानेच घडी घातलेला.

नव्या कुप्या बसवल्यावर बॅरिस्टरने दोनदा हुंगलं आणि तो उठून उभा राहिला. मग घरभर गोल गोल फिरू लागला. धाप इतकी वाढली की छातीचा भाता दिसत होता. मी ओरडलो, दामटलं, शेवटी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. परत आलो तेव्हा त्याने कोनाची कड पलंगाच्या पायाला टेकवून वाकवली होती आणि जीभ जखमेपर्यंत पोचली होती. दोन टाके तुटले होते.

शेंद्रेने ते पुन्हा घातले आणि या वेळी त्याने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "आता आणखी दहा दिवस. पुन्हा तुटले तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

मी कंपनीला फोन करून असं काही झापलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच माणूस पाठवला. माणूस म्हणजे पंचविशीतली मुलगी, नूपुर गजभिये. खांद्याला पिशवी, पायांत फाटके बूट. या वयाच्या मुलांना काही येत नाही, हे माझं मत तयारच होतं. तिने ते बदलायला फार वेळ घेतला नाही.

"सर, दोन्ही शर्ट धुतलेले होते ना?" तिने आल्या आल्या विचारलं.

"अर्थात."

"कागदावर न धुतलेला लिहिलंय, सर."

एकतीस वर्षं हे वाक्य मी लोकांना सुनावलं होतं.

"दुसऱ्या शर्टवर नुसता साबण निघाला," ती म्हणाली. "पहिल्यावर तुमचा वास जवळजवळ नव्हताच. पण गळ्याशी आणि छातीवर दुसऱ्या एका माणसाचा होता. बाई आहे. पन्नाशीच्या आसपास. धुतल्यावर, इस्त्री झाल्यावर लागलेला आहे. घडी घालताना आपण शर्ट हनुवटीखाली धरतो ना, तसा. थोडासाच होता, पण बॅरिस्टर त्याने शांत झाला, म्हणून यंत्राने तोच वाढवत नेला. कोण आहेत त्या?"

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. ती शांतपणे म्हणाली, "मग बघू या." तिने माझी अंगातली गंजी मागितली. एका परक्या मुलीसमोर मला गंजी काढून द्यावी लागली. पिशवीतल्या यंत्रात तिने तिथल्या तिथे माझ्या वासाची कुपी भरली आणि कोनात बसवली. पडद्यावर बॅरिस्टरचे श्वास दिसत होते, मिनिटाला ब्याण्णव. पाच मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी झाले आणि तिथेच राहिले. मग तिने पहिल्या कुपीच्या तळाशी उरलेले चार थेंब घातले. श्वास सत्तर झाले, पन्नास झाले, चौतीस झाले. तो तिच्या फाटक्या बुटांवर डोकं ठेवून झोपला.

"म्हणजे तो मला ओळखत नाही?" मी विचारलं. आवाज माझा मलाच आवडला नाही.

"ओळखतो की. तुम्हाला घाबरतही नाही. घरातले एक माणूस आहात तुम्ही. पण निवांत नाही होत तुमच्याने." तिने हे अगदी सहज सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

"पहिल्या वासाच्या कुप्या भरून पाठव मग. कृती तुमच्याकडे आहेच."

"नाही पाठवता येणार, सर. कायदा आहे. माणसाचा वास त्या माणसाच्या मालकीचा. तुमचा समजून एकदा भरला, ती चूक झाली. आता त्यांची संमती लागेल. अंगठा."

नियमापुढे मी काय बोलणार? जन्मभर मी नियमच दाखवत आलो होतो. निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. संमती मिळाली तर कंपनी त्या वासाचा लेपही देते. तो हाताला लावला की कुत्रं त्या हाताने औषध घेतं.

दुर्पताबाई वाठोड्याला राहते, हे मला फक्त तिच्या ओळखपत्राच्या नकलेवरून कळलं. बंदी उठल्यावर, साडेपाचला मी गेलो. ती ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होती. मला पाहून ती उभी राहिली आणि तिने पहिला प्रश्न तोच विचारला.

"बारक्याले काई झालं का जी?"

मी सगळं सांगितलं. गाठ, टाके, पाय जाण्याची भीती. वासाचं सांगताना शब्द गिळले, पण तिला कळलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही दिसेल म्हणून मी वाट पाहिली. दिसलं नाही. ते दिसलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मंग मी येऊन जाऊ का?" तिने विचारलं. "आता दुसऱ्या घरी काम धरलं, पण सांजच्याले येतो मी. गोळी चारून देतो त्याले."

"तू यायची गरज नाही," मी म्हणालो. "वास तेवढा पाहिजे."

हे मी म्हणालो. तिच्या दारात उभं राहून, तिने 'बसा' म्हटलेलं असताना उभंच राहून म्हणालो. आज लिहितानाही मला माझी लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. तेव्हा वाटलं की मी व्यवहार चोख केला.

"वास त वास," ती म्हणाली. "मले त माहा वास येतबी नाही. घेऊन जा." तिने पदराला हात पुसला आणि माझ्या फोनवर अंगठा दाबला.

पुढचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे कबूल करायला हवं. कोनात दुर्पताबाईचा वास, माझ्या हातांना बोटांपासून कोपरापर्यंत दुर्पताबाईचा लेप. मी खुर्चीत बसलो की बॅरिस्टर येऊन कोनासकट डोकं मांडीवर टाकायचा. गोळी हातातून घ्यायचा. रात्रीची तहान लागली की पाण्यासाठी मला उठवायचा, एकट्याने भिंत गाठायचा नाही. तिसऱ्या दिवशी कोनात हात घातला तर त्याने माझा तळवा चाटला, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, सावकाश. सहा वर्षांत त्याने माझा हात कधी चाटला नव्हता. मी ती त्याची शिस्त समजत होतो.

लेप दुसऱ्याचा आहे हे मला माहीत होतं. पण जीभ माझ्या हातावर होती. मी स्वतःला सांगितलं की औषध कुणाच्या कारखान्यातलं आहे याने रोग्याला काय फरक पडतो. मी लेपाच्या आणखी सहा डब्या मागवून ठेवल्या. टाके निघाले तरी तो वापरायचा, कायमचा वापरायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दहाव्या दिवशी शेंद्रेने टाके काढले. जखम स्वच्छ भरली होती, पाय वाचला होता. स्टेरॉइड महिनाभरात कमी करत बंद करायचं होतं. घरी येऊन मी हातांना नेहमीपेक्षा जास्त लेप लावला आणि बॅरिस्टरच्या गळ्यातला कोन काढला.

त्याने अंग झाडलं. मग माझ्याकडे आला आणि मनगट हुंगलं. शेपूट हललं. तो हाताने वर सरकत कोपरापर्यंत आला, जिथे लेप संपतो, आणि थबकला. दंड हुंगला, मान हुंगली, परत मनगटावर आला. मग माझ्याकडे एकदा बघून तो वळला आणि तिला शोधायला निघाला.

लंगडत लंगडत तो स्वयंपाकघरात गेला. ओट्याखाली बघितलं. बाल्कनीत गेला. न्हाणीघराच्या बंद दाराला पंजा लावला, मी ते उघडून दिलं, आत कुणी नव्हतं. त्या घडी घालणाऱ्या यंत्राच्या मागे नाक घालून तो कितीतरी वेळ उभा राहिला. वास घरात होता, म्हणजे बाई घरात होती, त्याला एवढंच ठाऊक होतं. शेवटी हॉलमध्ये ती जिथे झोपायची त्या फरशीवर तो बसला आणि घशातून बारीक आवाज काढू लागला. तो आवाज मी त्याच्या दुखण्याच्या एकाही दिवशी ऐकला नव्हता.

लोकांना खोटी औषधं विकणाऱ्यांना मी तुरुंगात पाठवलेलं आहे. एकाने तापाच्या बाटलीत नुसतं साखरेचं पाणी भरलं होतं. त्याच्याशी बोलताना मी खुर्चीसुद्धा मागे सरकवली होती, इतका मला त्याचा तिटकारा आला होता. मी न्हाणीघरात गेलो आणि हात धुतले. वास जात नाही म्हणून पुन्हा धुतले, मग तिसऱ्यांदा. मला जाणवत नव्हता, पण त्याला जाणवत असणार. सहाच्या सहा डब्या कचऱ्यात टाकल्या. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं हॉलमध्ये होतो, तो फरशीवर आणि मी खुर्चीत, आणि माझ्याजवळ त्याला देण्यासारखं काही नव्हतं.

बंदी उठताच मी त्याला गाडीत घातलं. वाठोड्याच्या वळणावर काच खाली केली तसा तो उभा राहिला. दुर्पताबाईच्या गल्लीत त्याने दोरी हातातून जवळजवळ हिसकावली. ती ओट्यावरच होती. तो तीन पायांवर उड्या मारत गेला आणि अख्खं वजन तिच्या अंगावर टाकून दिलं. ती मागे कलंडली.

"बाप्पा, किती फुगला रे तू," ती त्याचं पोट चाचपत म्हणाली. ती रडत होती, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

"औषधाने फुगलाय," मी म्हणालो. "भूक फार लागते. मागेल तितकं देऊ नका. अर्धी गोळी सकाळी, खाण्याबरोबर. पुढच्या सोमवारपासून एक दिवसाआड. मधेच एकदम बंद करू नका."

तिने वर पाहिलं. मी पाच वर्षांत तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होतो, हे तिच्या आधी मला कळलं.

"इथं ठेवता का त्याले?"

"हो."

"किती दिवस?"

मी गोळ्यांची पिशवी ओट्यावर ठेवली. "तो म्हणेल तितके."

बॅरिस्टरने डोळे मिटले होते. मोजायला यंत्र नव्हतं, पण श्वास संथ चालला होता, मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. आता निघायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "मी अधूनमधून आलो तर चालेल का?" असा प्रश्न मी कुणाला, बायकोलाही, कधी विचारला नव्हता.

"या की," ती म्हणाली. "पण खाली बसा लागन. तुमी कवाच बसले नाही त्याच्यापाशी."

मी चपला काढल्या आणि ओट्यावर मांडी घातली. गुडघे दुखले. बॅरिस्टरने एक डोळा उघडला, मान लांब करून माझा हात हुंगला. हात आता नुसता माझा होता. त्याने तो चाटला नाही. डोकं पुन्हा तिच्या मांडीवर टाकलं. मी हात तिथेच राहू दिला.